बिनसहीची सुटका

मी, खाली सही करणारी एर्मेलिंदा रिवास, वय एकोणऐंशी, धंदा चिपा, म्हणजे चीज घातलेला पाव, भाजून विकणे, राहणार बारेरो ग्रांदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव कसा असतो ते मी पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगते. शाळा दुसरीत सुटली. बाकीचे लिहिणे नवऱ्याच्या सुटकेचे अर्ज करता करता आले, तेव्हा शुद्धलेखनावरून कोणी हा कागद बाद ठरवू नये.

कलम एक. राहते घर आणि परसातले आंब्याचे झाड मुलगी निमिया हिला. माझा नवरा एवारिस्तो हयात असेपर्यंत झाडाखालच्या त्याच्या खुर्चीला कोणी हात लावू नये. तेरेरे हा पाल्याचा थंड काढा, त्याचे पाणी गार नसले की तो कुरकुरतो. ऐकून घ्यावे.

कलम दोन. दीर तेओफिलो याला माझी मोठी काळी छत्री. एवारिस्तोला पकडून नेल्यापासून हे गृहस्थ आमचे दार टाळून चर्चला वळसा घालून जात. घरी एकदाच आले, तेही सांगायला, "वहिनी, माफीनाम्यावर सही करून टाक म्हणावं त्याला. मोठेपणा घेऊन काय खायचंय?" लांबच्या वाटेला ऊन फार लागते. छत्री चांगली आहे.

कलम तीन. मातीची भट्टी, भाजायचे पत्रे आणि टोपल्या सेवेरा गाओना हिला. निमिया, राग मानू नकोस, तुझा चिपा दाताने फुटत नाही. सेवेराचे दोन मुलगे माझ्या नवऱ्याबरोबर कैद्यांच्या एकाच छावणीत होते. भट्टीवर तिचा हक्क कसा, तेही लिहून ठेवते.

साखर कारखान्यात ऊस मोजताना काटा मारतात, असे एवारिस्तो चारचौघांत बोलला आणि मजुरांची संघटना काढली. त्याला उचलला. ना आरोप, ना खटला, ना न्यायाधीश. वर्षांवर वर्षे गेली. मग उत्तरेकडच्या मोठ्या देशाने आमच्या हुकूमशहाला बजावले, की या माणसांवर खटले चालवा नाहीतर सोडा, तोवर कर्ज नाही आणि बंदुकाही नाहीत. सरकार म्हणाले, आमच्याकडे असे कैदी नाहीतच, या आणि बघा. मुद्दाम ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातला गुरुवार दिला, म्हणजे सगळे आपापल्या घरी असतील.

इथेच ते चुकले. त्या आठवड्यात घरोघर चिपा भाजतात आणि घरातला जो कोणी लांब असेल त्याला पोचवतात. आम्ही बायका बुधवारी या भट्टीवर भाजून गुरुवारी टोपल्या डोक्यावर घेऊन छावणीच्या फाटकाशी उभ्या. आत पाहुणे आलेले. कैद्यांना मागच्या तबेल्यात कोंबले होते. फाटकावर सार्जंट बाल्बुएना. तो म्हणाला, परत जा, आत कोणी नाही. सेवेराने टोपलीवरचे फडके बाजूला केले. वाफ त्याच्या नाकात गेली.

"मग हे कुणाला देऊ, सार्जंट? सणाचा चिपा परत नेऊ?"

सणाचा चिपा आमच्याकडे कोणी परत पाठवत नाही, आणि बाल्बुएनाला दर वेळी त्यातला वाटा मिळत असे. त्याचा हात आपोआप पुढे आला. मग नेहमीच्या सवयीने तो आत वळून ओरडला, "एवारिस्तो रिवास, घरचं आलंय!"

"आलो, आलो!" तबेल्यातून उत्तर आले. पाठोपाठ सेवेराचा धाकटा, "आमचं पण आलंय का बघ रे!"

अंगणात परदेशी साहेब उभा होता. त्याने दुभाष्याकडून विचारले, हा एवारिस्तो कोण. मी म्हणाले, "माझा नवरा. खटल्याची वाट बघतोय." त्याला एक चिपा दिला. खाल्ला त्याने, उभ्या उभ्या.

दोन महिन्यांच्या आत सुटकेचा हुकूम आला. छावणीच्या कॅप्टनने कागद पुढे केला: गुन्हा कबूल, वागणूक उत्तम मिळाली. एवारिस्तो म्हणाला, "आधी माझ्यावरचा आरोप वाचून दाखवा, मग करतो सही." आरोपच नव्हता, वाचणार काय? दुसऱ्या दिवशी कर्जाची बैठक, तोवर माणसे बाहेर हवी होती. शेवटी कॅप्टनने त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर ढकलले. "निघा हो एकदाचे!" तुरुंगातून हाकलून दिलेला माणूस मी तेवढाच पाहिला. बाहेर आम्ही बायका हसून हसून रस्त्यात बसलो.

कलम चार. बँकेत साठवलेले सगळे पैसे, जितके ग्वारानी असतील तितके, कोणत्याही तुरुंगाच्या फाटकाशी थांबणाऱ्या बायकांच्या बसभाड्याला. कोणत्या पक्षाच्या, ते विचारू नये.

कलम पाच. माझ्या दफनाला उत्तरेकडच्या त्या मोठ्या देशाच्या वकिलातीचा माणूस आला तर खुर्ची द्यावी. त्यांनी हुकूमशहाचे कर्ज अडवले हे खरे, आणि मी कृतघ्न नाही. पण आमची सुटका त्यांनी केली असे तो बोलू लागला, तर सेवेराने उठून बाकीचे सांगावे.

कलम सहा. एवारिस्तोला मी कोणाच्याही नावे करत नाही. एकदा सरकारने ताब्यात घेतला, एकदा परक्यांनी मागून घेतला. आता तो त्याचा स्वतःचा आहे.

सही: एर्मेलिंदा रिवास
साक्षीदार: रामोना इन्स्फ्रान (धंदा शिवणकाम) आणि पाद्री होआकिन सारुबी
स्थळ: बारेरो ग्रांदे. दिनांक: ३ ऑगस्ट २००९