खळ्यातला दिवा

तुळजाकाकी,

तू दासगावला नंदाताईचं बाळ बघायला गेलीस, तेवढ्यात मी तुझ्या भिंतीला हात घातलाय. आल्यावर ओरडलीस तर ओरड. घराच्या वाटण्या झाल्यापासून तेवढं तरी कुठं बोलतेस आमच्याशी?

महाडच्या कॉलेजात मी वायरिंग शिकते. तिथं सरांनी एक दिवा आणि त्याची दोन बटणं दाखवली. या टोकाला लावायचा, त्या टोकाला बंद करायचा. मला वाटलं, सर मागून काहीतरी करतायत. मग बटण खोलून बघितलं, तर आत दोनाच्या जागी तीन स्क्रू. दोन्ही बटणांमधी दोन वायरी जातात, आणि दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो. कुणी लावला, ते दिव्याला कळतच नाय.

सरांनी विचारलं, "हे कुठं वापरतात?" सगळे म्हणाले, जिन्यात. आपल्या कुडपण गावात जिना कुठला? मला आपलं दोन्ही दारांपुढचं खळं आठवलं. तिथल्या दिव्याचं बटण आमच्या घरात, म्हणून तू खळ्यातून बॅटरी घेऊन जातेस.

आता दुसरं बटण तुझ्या दाराशी हाय. बाबा म्हणाले, "ती हात लावायची नाय." पण शिडी त्यांनीच धरली.

हे पत्र काय मी तुला देणार नाय. वाचलंस तर हट्टानं बटण दाबायची नाहीस. आज तू येणार, म्हणून दिवा लावून ठेवलाय. आमच्यातलं कुणी तो बंद करणार नाय.

खळ्यात अंधार झाला, की मी समजेन.

भिंतीपलीकडची,
रेश्मा