जादा दोन मात्रा

लॉरेल फोर्क, केंटकी
१४ ऑगस्ट

प्रिय ऑर्विल,

कसा आहेस? इकडे सगळं ठीक. घेवडा यंदा इतका लागलाय की शेजारी मला बघून दार लावून घेतात. तिकडे ओहायोत तू डब्यातलाच खात असशील. भोग आता.

रविवारी बाबांकडे पाहुणे आले होते. पाच पोरंपोरी, संगीताच्या कॉलेजात शिकलेली. आपल्या डोंगरातलं जुनं ब्लूग्रास संगीत पुन्हा गाजवतायत. विजेचं वाद्य नाही, ढोल नाही, आपल्या बँडसारखा सगळ्यांत मिळून एकच माइक, ज्याची पाळी तो मागून पुढे येतो. काय बोटं चालतात एकेकाची! ऐकता ऐकता माझा मक्याचा पाव करपला.

बाबांची ती खिंडीची धून त्यांनी आपल्या रेकॉर्डवरून उचललीय, जशीच्या तशी. फिडल संपते, मग त्या जादा दोन मात्रा, मग बँजो. त्या दोन मात्रा पाचही जण इतक्या भक्तिभावाने मोजतात की मला हसू आवरेना.

फिडलवाली मुलगी म्हणाली, "आजोबा, या दोन मात्रांवरून आमच्यात भांडणं झालीत. तुम्हाला हे सुचलं तरी कसं?"

"सुचतंय कसलं डोंबल!" बाबा म्हणाले. "बँजोवर आमचा ऑर्विल. खाणीत पाय अधू झाला होता त्याचा. मागून माइकपर्यंत यायला वेळ लागायचा. तो पोचेपर्यंत मी फिडलवर गज ओढत राहायचो."

"मग त्यांना माइकजवळच उभं करायचं ना!"

"तो ऐकतोय! सगळ्यांसारखाच मागून येणार म्हणायचा. बरोबरच होतं त्याचं. रेकॉर्डवाला म्हणाला, त्या मात्रा कापून टाकू. मी म्हटलं, मग मलाही काप."

ऑर्विल, हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्यामुळे धून बिघडते, बाबांना माझी लाज वाटते, असं म्हणून तू घर सोडलंस. अरे वेड्या, लाज वाटणारा माणूस असं बोलतो का? मी उठून मागच्या ओट्यावर गेले आणि पोटभर रडले.

वर सगळं ठीक लिहिलंय, ते खोटं आहे. बाबांनी त्या दिवशी फिडल हातात घेतली नाही. वसंतापासून त्यांचा डावा हात उचलत नाही. डॉक्टर हिवाळ्याची गोष्टच काढत नाहीत. तुला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून कळवतेय.

पोरं निघाली तेव्हा बँजोवाल्या पोराचा हात धरून बाबा त्याला म्हणाले, "सावकाश ये हो, मी आहे."

तू मात्र सावकाश येऊ नकोस.

तुझी ताई,
लोरीन