चेहऱ्याची वाटणी

त्या सकाळी दूध तापत ठेवून मी त्यांच्या दोन सदऱ्यांना इस्त्री केली, गोळ्यांची डबी भरली, न्हाणीघरात गरम पाणी काढलं, आणि मग टेबलाशी बसून चिठ्ठ्या कापल्या. अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या. जाड पेनाने, ठसठशीत अक्षरात, एका चिठ्ठीवर एक वाक्य. शेवटची दीड वर्षं ते शूटिंगला निघण्याआधी हे काम मी रोज करत होते, कारण त्यांना संवाद आठवेनासे झाले होते आणि हे आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी माझ्या हातून काय झालं ते कलम पाचमध्ये लिहिलं आहे. आधी रीतीचं सांगून घेते.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, एका टीव्ही नटाची बायको म्हणून चव्वेचाळीस वर्षं आणि विधवा म्हणून तीन वर्षं काढलेली, हे लिहिताना पुरती शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून पाहिलं आहे, ते पुढे येईलच. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, यातला भावनेचा भाग काढून टाकू या." मी म्हटलं, "तो काढला तर उरेल काय? तीन खोल्या आणि एक कपाट." मग त्यांनी राहू दिलं.

१. राहत्या तीन खोल्या माझ्यामागे माझ्या मुलाच्या. एकुलता एक आहे. हक्काचं आहे ते मी अडवणार नाही.

२. बँकेत जे काही असेल ते आमच्या गल्लीच्या टोकाच्या वाचनालयाला द्यावं. माझी शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर यांचे संवाद पाठ करून घ्यायला कोणीतरी समोर बसायला हवं होतं, म्हणून अडखळत अडखळत वाचायला लागले. पुढे वाचनालयाची तीन कपाटं संपवली. तिथल्या बाईंनी "हे तुम्हाला झेपेल का?" असं एकदाही विचारलं नाही. घरात मात्र हा प्रश्न मला दोघांनी विचारला आहे.

३. यांच्या मालिकेतल्या बायकोला काहीही देऊ नये. हे गेले त्या दिवशी ती आली, खाटेशी बसली, आणि कॅमेरे तिच्याभोवती जमले. मी चहाचे कप मोजत आत उभी होते. एका पत्रकाराने मला विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्याकडे कामाला होतात का?" तिचं रडणं खोटं नव्हतं, हे कबूल करते. खोटं असतं तर राग कमी आला असता.

४. आता मुख्य मुद्दा. मालिका अजून चालूच आहे. त्यात यांनी चौदा वर्षं घरचा कर्ता पुरुष केला. लोक त्यांना रस्त्यात दादासाहेब म्हणूनच हाक मारत. त्या मालिकेचे संवाद आमचा मुलगा लिहितो. गेल्या महिन्यात तो एक कागद घेऊन आला.

"आई, दादासाहेब अपघातातून वाचले होते असं दाखवायचंय. चेहरा आणि आवाज कॉम्प्युटर करेल. वारस म्हणून तुझी सही लागते."

"बोलायचं काय ते कोण लिहिणार?"

"मीच."

"मग बरंय. या खेपेला विसरणार तरी नाहीत."

तो म्हणाला, "दादासाहेबांचा अपघात लिहायला चॅनेलने सांगितलं होतं, आई. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं."

"दुसऱ्यानेच लिहायला हवं होतं."

त्याने मोबाइल पुढे केला. यांचा आवाज आला: "थकलीस का गं?" मी खुर्चीत बसले. हे वाक्य दादासाहेब मालिकेतल्या बायकोला रोज विचारत. सकाळी पाठांतर करून घेताना तिच्या जागी मी असायचे, म्हणून ते मलाही मिळायचं, कधी तीनदा, कधी चारदा. पान खाली ठेवलं की संपलं. मुलगा म्हणाला, "तुला हवं ते त्यांच्या तोंडून ऐकवतो." पण यांना प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय होती. सेटवरचे लोक ते कापून टाकायचे. मोबाइलमधला माणूस खाकरला नाही. मी कागद परत दिला.

मी असेपर्यंत सही होणार नाही. मी गेल्यावर हा हक्क मुलाकडे जाईल, आणि दुसऱ्या दिवशी दादासाहेब पडद्यावर हसत उभे राहतील. ते होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र. बाकी सगळं भरताड आहे.

५. चिठ्ठ्यांची गोष्ट. हे चिठ्ठ्या हातातल्या वर्तमानपत्रात लावून वाचायचे. त्या दिवशी दोन सीन होते: आजारी भावाच्या उशाशी बसायचं, आणि पुतणीचं लग्न ठरल्याची बातमी ऐकायची. मी मुद्दाम चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. मरणाच्या दारातल्या भावाकडे बघून हे म्हणाले, "झकास! आता सगळ्यांना बोलवा, जेवण माझ्याकडून!" सगळं युनिट हसलं. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि घरोघर पोचलं. म्हातारा कामातून गेला असं ठरलं. तीन आठवड्यांनी हे सकाळी सातपासून मेकअप करून खोलीत बसले होते. चार वाजता संवादांचं पान आलं. त्यात दादासाहेब अपघातात गेल्याचा नुसता फोन येतो, यांना एकही वाक्य नाही. पान मुलाच्या हातचं होतं. हे घरी येऊन म्हणाले, "छान लिहिलंय पोराने." पुढे अकरा महिने जगले.

तेव्हापासून मी मुलाला ऐकवत आले की बापाला तू मारलंस. पण त्या दिवशी हे काही विसरले नव्हते. मी दिलेलं त्यांनी बरोबर वाचलं होतं. संध्याकाळी त्यांनी ती चिठ्ठी खिशातून काढून माझ्या हातात ठेवली, आणि कोणालाही, कधीही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मुलाला हे माझ्यामागे, या कागदावरून कळेल. यामुळे कलम चार बदलत नाही.

६. माझ्या नवऱ्याचा चेहरा, आवाज आणि त्यांचं कोणत्याही यंत्राने केलेलं रूप वापरू देण्याचा किंवा न देण्याचा सगळा हक्क मी मालिकेच्या मेकअपदादांना देते. अट एकच: कोणालाही देऊ नये. चार वाजता पान आलं तेव्हा यांच्या तोंडावरचा रंग त्यांनी स्वतःच्या हाताने, सावकाश उतरवला. पुढचे अकरा महिने दर रविवारी घरी येऊन यांची दाढी केली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, मला कशाला? मी काय सांभाळणार?"

"चौदा वर्षं सांभाळलात तसाच."

"आणि तुमच्या मुलाने मागितला तर?"

"तर सांगा, आईला विचार."

७. जुन्या चिठ्ठ्या मी ज्या डब्यात ठेवल्या आहेत तो जाळावा. उघडून वाचत बसू नये.

मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मान्य केला. साक्षीला वाचनालयाच्या बाई यायला तयार होत्या, पण वाचनालयाला काही मिळणार म्हणून वकीलबाईंनी नको म्हटलं.

सही (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार पहिला: सही, दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरी: सही, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई
ठिकाण: वकीलबाईंची कचेरी
सोमवार, नऊ मार्च

खालच्या कोऱ्या जागेत, माझ्याच अक्षरात: दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या घरी गेले. तो लिहीत बसला होता. मी दार लावून घेतलं आणि कलम पाच त्याला तोंडी सांगितलं.