डावा कॅलिपर उजवीकडे

बाबा,

गाडीला हात लावू नका. चावी मी बरोबर नेलीये, शोधत बसू नका. आईला दवाखान्यात टॅक्सीने नेते.

सकाळी फाटकाबाहेर गाडी काढताना ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून समोरच्या भिंतीला नुसता बंपर टेकला. आई शेजारीच होती. कुणाला लागलं नाही.

मग वाकून चाकामागे पाहिलं. काल तुम्ही बसवलेल्या ब्रेकच्या नव्या कॅलिपरांपैकी डावा उजवीकडे गेलाय आणि उजवा डावीकडे. ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा निपल खाली आलाय, मग वर साठलेली हवा निघणार कशी? ती आत राहिली की पेडल असं पोकळ जाणारच. निपल कायम वर, हे तुम्हीच मला शिकवलंत. उभा जन्म गॅरेजात काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, माझा विश्वासच बसेना. आईला ऑइल गळालं म्हणून सांगितलंय.

चष्म्याचा नंबर तपासा म्हटलं, तर तुम्ही अबोला धरलात. काल हवा काढताना पेडल दाबायलाही मला हाक मारली नाहीत.

संध्याकाळी दोन्ही परत बसवू. पेडलवर मी बसते, तुम्ही खालून पूर्वीसारखं ‘दाब, धर, सोड’ म्हणा. फक्त निपल वर आहे ना, ते आधी मी बघणार.