एक दांडी, एक कुलूप, एक किल्ली

सोमवार, २ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. पुढे लोक विचारतात, सुरुवात कशी झाली.
सुरुवात अशी झाली की महिन्याभरात माझ्या पबच्या दारातून तीन सायकली चोरीला गेल्या. सायकलवालं गिऱ्हाईक समोरच्या कॉफीवाल्याकडे वळलं, कारण तिथे काचेतून स्वतःची सायकल दिसते. बायको (गल्ला तिच्याकडे, मतंही तिच्याकडेच) म्हणाली, अहो, दारात एक माणूस बसवा. मी म्हटलं, माणूस झोपतो, लोखंड झोपत नाही.
वाक्य चांगलं आहे. बोर्डावर घ्यायचं.

गुरुवार, ५ मार्च
मागच्या अंगणात स्टँड बसला. डिझाइन माझं. चोवीस सायकली, सगळ्यांच्या फ्रेममधून आरपार एकच दांडी, टोकाला एकच कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. एकटी सायकल चोरणं अशक्य. न्यायच्या तर चोवीसच्या चोवीस न्याव्या लागतील! वेल्डर यावर हसला नाही. त्याला विनोद कळत नाहीत.
स्टँड जमिनीला सोळा नटांनी आवळलाय. वेल्डर म्हणाला, साहेब, नटांवर वेल्डिंग मारतो, म्हणजे कुणाच्या बापाला उघडणार नाहीत. नको म्हटलं. वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे दिसतात. सायकलवाल्यांच्या संघटनेची पाटी मिळवायची आहे, ‘इथे सायकल निर्धास्त ठेवा’. त्यांचं पत्र आलंय : परीक्षक कधीही येईल, ओळख न देता, गिऱ्हाईक म्हणून.
मी ओळखेनच. माणसं वाचण्यात अठ्ठावीस वर्षं गेली.

शनिवार, ७ मार्च
सायकल क्लबची पहिली शनिवार-दुपार. बावीस सायकली! निघताना किंचित खोळंबा. मधल्या एकाला आधी जायचं होतं, म्हणून दांडी ओढली, तर उरलेल्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर. क्लबचा कॅप्टन म्हणाला, काका, आत ठेवणं सोपं आहे, बाहेर काढणं कठीण. मी म्हटलं, हेच तर सुरक्षेचं लक्षण.
मुलगी पण क्लबबरोबर होती. तिने सायकल फाटकाला लावली, स्वतःच्या कुलपाने. बापाचा स्टँड दहा पावलांवर असताना! ही सायकल तिने दोन वर्षं दवाखान्यात जादा पाळ्या करून घेतली आहे, आणि बावीस तारखेला तिची संघनिवडीची चाचणी आहे, हे मान्य. पण लोक बघतात.

मंगळवार, १० मार्च
परीक्षक आला!
राखाडी टोपी, लिंबू सोडा, मागच्या खिडकीतली जागा. दीड तास बसला. ना फोन, ना पेपर, नजर फक्त स्टँडवर. बायको म्हणाली, त्या टोपीवाल्याकडे बघून अंगावर काटा येतो. अधिकारी माणसाकडे बघून तसंच वाटतं.

बुधवार, ११ मार्च
टोपीवाला पुन्हा. आज बोलला. नट किती नंबरचे, विचारलं. काय अचूक प्रश्न! सामान्य गिऱ्हाईक विचारतं, वायफाय आहे का. एकोणीसचा पाना लागतो, मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.
कॅमेऱ्याचं विचारलं. क्षणभर विचार केला, पण प्रामाणिकपणाला मार्क असतात. सांगून टाकलं की ते नुसतं खोकं आहे, आत काही नाही. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तुमच्यासारखा मालक मला आजवर भेटला नव्हता.

गुरुवार, १२ मार्च
एक बाई आल्या. साठीच्या. सायकल त्यांच्याहून मोठी असावी. गंज, सीटला प्लास्टिकची पिशवी, कॅरिअरला दोरी. स्टँडमध्ये लावू का, विचारलं. नम्रपणे नाही म्हटलं. टोपीवाला खिडकीत बसलेला, त्याच्यासमोर हे भंगार दांडीत ओवायचं? बाई बरं म्हणाल्या, अंगणातल्या पाण्याच्या पाइपला साखळीने सायकल बांधली, अर्धी बिअर घेतली आणि वहीत काहीतरी लिहीत बसल्या. शब्दकोडं असणार.

शुक्रवार, १३ मार्च
सकाळी नट मोजले. पंधरा. परत मोजले. पंधरा.
वेल्डरने एक कमी लावलेला दिसतोय. हल्ली कामात कुणाचं लक्ष नसतं.

रविवार, १५ मार्च
अकरा.
वेल्डरला बोलावून झापला. तो गुडघ्यावर बसला, भोकांवर बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, साहेब, हे कुणीतरी पान्याने काढलेत. ताज्या खुणा आहेत. आता तरी वेल्डिंग मारू द्या. स्वतःची चूक झाकायला माणूस किती पुढे जातो! घालवून दिला. जाताना फाटकात थांबला, समोर बघत राहिला. समोर पांढरा टेम्पो उभा होता. नंबरप्लेट नसलेला. नवीन असेल.

सोमवार, १६ मार्च
टेम्पो आजही तिथेच.
शेजारचा कुत्रा मागच्या गल्लीत पान हललं तरी भुंकायचा. तीन दिवस गप्प आहे. आचारी म्हणाला, टोपीवाला त्याला रोज काहीतरी खायला घालतो. मुक्या जिवालाही माणूस कळतो.

बुधवार, १८ मार्च
सहा.
एक फायदा ध्यानात आला. स्टँड आता कडेने उचलता येतो, त्यामुळे खालचा केर निघतो. रिकाम्या भोकांवर काळा रंग लावला. लांबून नटच वाटतात. परीक्षकाच्या नजरेत असल्या बारीकसारीक गोष्टी कशाला याव्यात.

गुरुवार, १९ मार्च
मुलीशी वाजलं. ती संध्याकाळी आली, खाली वाकली, रंगावर नख मारलं. म्हणाली, बाबा, चार उरलेत. तुला दिसत नाही का? मी म्हटलं, दिसतं, पण प्रत्येक गोष्टीचं भांडवल करायचं नसतं. ती म्हणाली, हा स्टँड आता स्टँड नाही, हा चोवीस सायकलींचा हार आहे, कुणीही उचलून गळ्यात घालेल. जीभ आईकडून आलेली.
मी मुद्द्यावर आलो. शनिवारी परीक्षकासमोर तिची सायकल दांडीत हवी. मालकाची मुलगीच वेगळं कुलूप लावते म्हटल्यावर पाटी कोण देईल? ती म्हणाली, रविवारी सकाळी आठला चाचणी आहे, आणि दुसरी सायकल माझ्याकडे नाही. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?
तिने नखातला काळा रंग पुसला. मग म्हणाली, ठीक आहे, फक्त शनिवार. तुझ्यासाठी.
स्वतःचं कुलूप काढून टेबलावर ठेवलं आणि गेली. डोळे भरून आले. माझे.

शुक्रवार, २० मार्च
टोपीवाल्याने मला बाजूला घेतलं. शेवटी! उद्या दुपारी एकला. पण गुपित ठेवा म्हणाला. सगळ्यांना आत बसवायचं, मागचे पडदे ओढायचे, पंधरा मिनिटं कुणी बाहेर यायचं नाही. चार माणसं आणि टेम्पो येईल. पाटी मोठी असणार. सामानासाठी बिअरच्या पिंपांच्या दोन ट्रॉल्या मागितल्या. दिल्या.
रात्री नट मोजायचे नाहीत असं ठरवलं. उगाच मनाला त्रास.

शनिवार, २१ मार्च, दुपारी १२.४०
फुल! चोवीस. तेविसावी कॅप्टनची, चोविसावी मुलीची. दांडी घातली, कुलूप लावलं, टक्कन आवाज आला. मुलगी त्या आवाजाकडे बघत होती.
त्या गंजक्या सायकलवाल्या बाई पण नेमक्या आजच उगवल्या. पाइपला बांधा म्हटलं.
टेम्पो आला. तोच, पांढरा. फाटकातून नीट येईना, म्हणून मी स्वतः मागे उभा राहून येऊ दे, येऊ दे, बस! केलं. टोपीवाल्याने हात मिळवला. त्याचा हात थंडगार होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भाषण चांगलं झालं.
विषय होता ‘निर्धास्तपणा म्हणजे काय’. सगळी मंडळी आत, पडदे बंद. बाहेरून लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज येत होता, तेव्हा मी आवाज चढवला. आचारी धावत आला, काहीतरी सांगायला लागला. मी बोट ओठांवर ठेवलं. बायको म्हणाली, अहो. मी म्हटलं, काय असेल ते शेवटी. मुलगी उठून उभी राहिली होती. तिला हाताने खाली बस म्हटलं. ती बसली. ‘लोखंड झोपत नाही’वर टाळ्या मिळाल्या. मग एक, दोन, तीन म्हणून मी स्वतः पडदा ओढला.
अंगण इतकं मोठं आहे हे प्रथमच लक्षात आलं.
फरशीवर सोळा भोकं. माझ्या दोन ट्रॉल्या मात्र नीट भिंतीला लावून ठेवलेल्या. पाइपला एकच सायकल, गंजकी. बाईंनी शांतपणे साखळी सोडली आणि निघून गेल्या. फाटकापाशी थांबून मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
पोलिसाने विचारलं, कुलूप तोडलंय का? नाही, बरोबर नेलंय. मग किल्ली? किल्ली आहे. गळ्यातली दाखवली. त्याने लिहिलं नाही.
सातला संघटनेची मेल आली. ‘आमच्या परीक्षक आपल्याकडे दोनदा आल्या. पहिल्या भेटीत त्यांना पार्किंग नाकारण्यात आलं. दुसऱ्या भेटीत पार्किंग आढळलं नाही.’

रविवार, २२ मार्च, सकाळी ७.१०
स्वयंपाकघरात मुलगी संघाची जर्सी घालून, सायकलचे बूट बांधून बसली होती. समोर चहा, त्यावर साय. कॅप्टनकडून एखादी सायकल मिळेल का, मी सुचवलं. ती म्हणाली, कॅप्टनची तेविसावी होती.
मग तिने विचारलं, बाबा, काल सकाळी किती उरले होते? मी म्हटलं, मोजले नाहीत. रंग लावलास, पण मोजले नाहीस, ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.
चाचणी बघायला तरी जाते म्हणाली. चालत. त्या बुटांचा आवाज जिना संपेपर्यंत टक टक येत होता आणि रस्त्यावर वळल्यावरही थोडा वेळ.
उद्या वेल्डरला फोन करायचा. भोकं बुजवायला.
तिचं कुलूप टेबलावर आहे. चांगलं भक्कम दिसतं.