आवाज न करणारं घड्याळ

४ फेब्रुवारी

…आणि घड्याळावरून शर्टाची बाही खाली ओढली तेवढ्यात ही आत आली. खांद्यावर कुणाची तरी उसवलेली पँट, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की ही बोलत नाही. पण रिकामी पेटी माझ्या हातातच राहिली होती. सुंदर पेटी — लाकडी, आतून मखमल. हिने पेटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग एकेक टाचणी काढून पँटच्या पायाला खोचली. म्हणजे आता बोलणार.

"केवढ्याला?"

खोटं सांगायचं ठरवलं होतं. पण पावती पेटीतच होती. सांगितलं. ही मशीनच्या स्टुलावर बसली.

मी बाजू मांडली. पुस्तकं मोठ्याने वाचायची, ती ध्वनिमुद्रित व्हायची, हा माझा धंदा. बूथमध्ये शिरताना किल्ल्या, नाणी, घड्याळ, सगळं बाहेर ठेवावं लागतं. माइक सगळं ऐकतो. आयुष्य त्या बंद खोलीत उघड्या मनगटाने गेलं. किती वाजले ते काचेपलीकडच्या माणसाला खुणेने विचारायचं, लहान मुलासारखं! हे घड्याळ आवाजच करत नाही. दुकानात कानाला लावून पाहिलं. चावीचं आहे, हाताने जुळवलेलं, तरी चिडीचूप. तसं मी दुकानदाराला म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला की गिऱ्हाइकाची पारख मोठी आहे.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गप्प बसण्याचे एवढे पैसे मिळतात, हे मला कुणी सांगितलं नाही."

५ फेब्रुवारी

हिला झोप लागली नाही म्हणे. उशाशी ठेवलेलं घड्याळ वाजत होतं म्हणे. मला गाढ झोप लागली. राग माणसाच्या कानात शिरतो तो असा.

रात्री घड्याळ कपाटात, लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून ठेवायचं ठरलं. मी ठरवलं नाही.

७ फेब्रुवारी

मेहुणा आला. हिनेच बोलावला असणार. त्याने माझं मनगट धरलं, नाडी बघावी तसं. मग खिशातून फोन काढून शेजारी धरला. दोन्हींत वेळ सारखीच. फोनमधली फुकट.

मी म्हणालो, ही वस्तू आपल्यानंतरही चालेल. तो म्हणाला, "भाऊजी, आपण नसताना किती वाजले हे कुणाला सांगायचंय?"

ही हसली. तोंडात टाचण्या असताना हसली. काळजी वाटली.

शिवाय त्याने पावती वाचली. ओरखडा नसेल तर महिनाअखेरपर्यंत दुकान परत घेतं. हे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. बारीक अक्षर वाचणारी माणसं मला कधी आवडली नाहीत.

जाताना तो दारात उभा राहून बराच वेळ काही सांगत होता. हल्ली तो फार पुटपुटतो. सगळेच पुटपुटतात. मुलगी फोनवर पुटपुटते. टीव्हीवरची माणसं तर ओठ हलवायचे पैसे घेतात. व्यंजन म्हणून काही शिल्लक राहिलेलं नाही. मी मान हलवत राहिलो.

८ फेब्रुवारी

खरं कारण इथे लिहून ठेवतो. मला ते हवं होतं.

मागच्या बाजूला काच आहे. आत एक बारीक चाक जातं आणि येतं, जातं आणि येतं. कुणीतरी भिंग लावून ते बसवलं. जी पट्टी चाकाखाली कायमची झाकली गेली आहे तिच्याही कडा घासलेल्या आहेत, असं दुकानदाराने चित्रात दाखवलं. कुणाला दिसणार नाही ते. तरी घासल्या. मी अर्धविराम असे घेतो. स्वल्पविरामापेक्षा किंचित जास्त, पूर्णविरामापेक्षा किंचित कमी. आजवर एकाही ऐकणाऱ्याने त्याबद्दल पत्र पाठवलेलं नाही.

तर एका अर्धविराम घेणाऱ्या माणसाने दुसऱ्याला दाद दिली. एवढंच. हे हिला सांगता येणार नाही. ती म्हणेल, दाद टाळ्या वाजवूनही देता येते.

९ फेब्रुवारी

मोठी कादंबरी आजपासून सुरू. आठ-नऊशे पानं, आणि एकच आवाज — माझा. असं काम हातात यावं म्हणून मी पाककृती वाचल्या, आरोग्याचे सल्ले वाचले, एकदा पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिकासुद्धा वाचली. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे: महिनाअखेर पूर्ण झालं पाहिजे. नाही झालं तर तो दुसरा आवाज आहेच. दुसरा आवाज म्हणजे एक तरणा गडी. अर्धविराम दिसला की त्याला अडखळायला होतं.

काचेपलीकडे नेहमीप्रमाणे मुंगी. हा आमचा ध्वनिमुद्रक. मुंगी चालली तरी त्याला ऐकू जाते, म्हणून हे नाव. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "सर, आवाजाचं काही अंगावर नाही ना?"

नाही म्हणालो. खरंच होतं. आवाजाचं नव्हतंच. बाहीखाली ते होतं, आणि पान उलटताना मी हळूच वेळ पाहत होतो. कुणाला खूण करायची गरज नाही! आयुष्यात पहिल्यांदा बूथमध्ये मोठ्या माणसासारखा बसलो.

१२ फेब्रुवारी

मुंगीने दुपारी वाचन थांबवलं. कुठेतरी काहीतरी वाजतंय म्हणाला. बारीक, भराभर. नायिका गप्प बसते तिथे जास्त.

मी कान दिला. काही नाही. त्याला थोडी सुट्टी हवी आहे.

१३ फेब्रुवारी

त्याने माइक बदलला. वायर बदलली. वरचा दिवा काढला. आवाज आहेच म्हणतो. मग भिंतीच्या लाकडी फळीला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, वाळवी असेल. लाकूड खाते तेव्हा असाच आवाज येतो, त्याने लहानपणी ऐकलाय.

मालकीणबाई धावत आल्या. त्या फळ्या त्यांनी फार हौसेने बसवून घेतल्या आहेत. आतापर्यंतचं सगळं वाचन पुन्हा करावं लागेल, असं मुंगी त्यांना सांगत होता. दोघंही पुटपुटत होते. तरी 'दुसरा आवाज' हे शब्द मला स्वच्छ कळले. हे शब्द त्या पुटपुटत नाहीत.

घरी हिला म्हणालो, वाळवीमुळे माझं पुस्तक जाणार. हिने विचारलं, घड्याळ घालून बसता का तिथे? मी म्हणालो, त्याचा काय संबंध. हिने मशीन सुरू केलं. रिकामंच चालवत होती. खाली कापड नव्हतं.

१६ फेब्रुवारी

हे नीट लिहून काढलं पाहिजे.

वाळवीवाला आला. जाडसर, शांत माणूस. पाठीवर औषधाची टाकी, गळ्यात डॉक्टरांसारखी नळी. नळीचं तोंड लाकडाला लावून ऐकतो. बूथमध्ये अंधार, म्हणून विजेरी धरायला मी उभा राहिलो. आपलं पुस्तक वाचवायला आपण हात लावलाच पाहिजे.

पहिली फळी. आहे, म्हणाला. दुसरी फळी. इथेही आहे. मी विजेरी आणखी जवळ नेली. हो, इथे तर भरपूर आहे. दाराची चौकट — आहे. टेबल — आहे. मालकीणबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि लगेच सोडला. मुंगी मान हलवत होता. त्याला दुःख झालं होतं, आणि आपण बरोबर ठरलो याचा आनंदही.

मग वाळवीवाल्याने नळी माइकच्या स्टँडला लावली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. खाली बसला.

लोखंडातली वाळवी मी अजून पाहिलेली नाही, म्हणाला.

त्याने माझ्या हातातली विजेरी मागितली. मला बाहेर जाऊन उभं राहायला सांगितलं. दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दार उघडलं, मला आत बोलावलं, भिंतीशी उभं केलं आणि नळी माझ्या शेजारच्या फळीला लावली. मग नळी फळीवरून हळूहळू माझ्याकडे आणली. दंडावर. कोपरावर. बाहीवर.

"साहेब," म्हणाला, "वाळवी तुमच्याबरोबर येते."

मालकीणबाई म्हणाल्या, हात पुढे करा. शाळेत म्हणत तसं. मी बाही वर केली. मी म्हणालो, हे घड्याळ आवाज करत नाही. विचारा दुकानदाराला.

कुणी हसलं नाही. तिथे मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. अशा वेळी माणसं हसतात. मुंगी तर कशालाही हसतो.

वाळवीवाल्याने येण्याजाण्याचे पैसे घेतले. औषधाचे घेतले नाहीत.

मग मुंगीने मला एकट्याला आत घेतलं. घड्याळ माइकसमोर ठेवलं, हेडफोन माझ्या कानांवर चढवले. पडद्यावर उभ्या रेघा येऊ लागल्या. बारीक, सारख्या अंतरावर, भराभर. सुंदर होत्या. मी म्हणालो, सुरू कर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज वाढवला. रेघा मोठ्या झाल्या. म्हणालो, कर ना सुरू. त्याने आणखी वाढवला. मग आलं काहीतरी — फार लांबून, शेजारच्या घरात कुणी सुयांवर विणत बसावं तसं. त्याने हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले आणि चटका बसल्यासारखे दूर केले.

त्याने आवाज पुन्हा खाली आणला.

"सर," तो म्हणाला, "वर्षभर मी तुमचा आवाज खाली घेतोय. तुम्ही वाढवत जाता, मी उतरवत जातो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाचन चांगलं होतं."

हे तो पुटपुटला नाही. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक अक्षर सुटं करून बोलला. तो माझ्याशी केव्हापासून असा बोलतो, ते मला आठवेना.

१७ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. आश्चर्य दाखवलं नाही. हातशिलाई बाजूला ठेवली मात्र. म्हणाली, वर्षभर ओरडून बोलतेय मी, घसा बसला माझा. मग आधी का नाही बोललीस, विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करताय."

ते तर मी लग्नापासून करतोय, म्हणालो.

"तेच ना. त्यात हे कधी मिसळलं, कळलंच नाही."

मग आम्ही दोघं हसलो. हिने घड्याळ हातात घेतलं, मागच्या काचेतून आत पाहिलं. ते चाक बराच वेळ बघत होती. छान आहे, म्हणाली. कुणीतरी जीव ओतून केलंय. एवढे दिवस मी युक्तिवाद करत होतो, आणि हिला ते नुसतं उलटं करून दाखवायचं राहिलं होतं!

परत करू नका, म्हणाली. घड्याळ नसतं तर तुम्हाला अजूनही जग पुटपुटतंय असं वाटलं असतं. म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. मी म्हणालो, पण आता त्याचं काम झालं. आणि मी ते ज्या गुणासाठी घेतलं तो त्याच्यात नाही. वादात तिने घड्याळाची बाजू घ्यावी आणि मी विरुद्ध बोलावं, असं घर आमचं.

मालकीणबाईंचा निरोप आला, हिच्या फोनवर. माझ्या फोनवर मी त्यांचं ऐकत नाही म्हणे. आधी कान दाखवून या. मग पहिल्या पानापासून, महिनाअखेरच्या आत. जमत नसेल तर आत्ताच सांगा.

जमेल, असं कळवलं. जमेल की नाही, माहीत नाही. वाचायला तोंड लागतं असं मी समजत होतो.

१८ फेब्रुवारी

सकाळी घड्याळ परत दिलं. ओरखडा नव्हता. तिथून दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासलं, दोन्ही कानांत यंत्रं बसवली, थोडे दिवस वापरून बघा म्हणाले. मालकीणबाईंना कळवलं, उद्यापासून येतो. घरी परतताना ही दोन पावलं पुढे चालत होती आणि स्वतःशी बोलत होती. हिला ही सवय आहे, हे मला माहीत नव्हतं. सगळं माझ्याबद्दल होतं. घर येईपर्यंत मी मध्ये बोललो नाही.