घर विकायला मागे

मॅरोबी, ओहायो
२ डिसेंबर १९८६

ती. आईंस,
लोरीनचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. शनिवारी फुटबॉलच्या हंगामाचा शेवटचा सामना हरलो. रविवारी चर्चमधून बाहेर पडतो तर मुख्य कोचला काढल्याची बातमी गावभर झालेली. तो गेला की त्याची सगळी माणसं जातात, तेव्हा तुमच्या चिरंजीवांचीही नोकरी गेली. किराणा दुकानातल्या बाईंनी टिलीला विचारलं, आता कुठं गं जाणार तुम्ही? तीन वर्षं त्यांच्याकडून अंडी घेतली, पण त्यांच्या लेखी आम्ही पाहुणेच.

वेंडेलला मोंटानातल्या एका कॉलेजातून बोलावणं आलं आहे. काम तेच, चेंडू आपल्याकडे असताना चाली सांगायच्या. नाताळ झाला की लगेच रुजू व्हायचं. तो म्हणाला, नेहमीसारखंच करू, मी पुढे जातो, तू मागे राहून घर विक, जूनमध्ये टिलीची शाळा सुटली की या. मी म्हटलं, मागच्या दोन्ही वेळी मीच मागे राहिले. तर म्हणतो कसा, आईनं जन्मात कधी तोंड वाकडं केलं नाही!

तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललेले नाही. आई, तुम्ही खरंच कधी कुरकुर केली नाहीत? त्याला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. या वेळी तो एकटा गेला, तर मी मागून जाईनच असं मला वाटत नाही.

तुम्ही कशा आहात? बाबा गेल्यावर एकदा तरी रडलात का? नाही म्हणजे, रडावं माणसानं.

तुमची लोरीन

---

एल्सिंगर, कॅन्सस
९ डिसेंबर १९८६

चि. सौ. लोरीन हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथं बर्फ आहे. शेजारचा माणूस न सांगता माझी वाट साफ करून जातो, आणि मी त्याला न सांगता ॲपल पाय भाजून देते. तो त्याला आवडत नसावा, पण डबा धुऊन परत येतो.

वेंडेलला सांग, आईनं तोंड पुष्कळ वाकडं केलं, फक्त ते बघायला त्याचा बाप घरात नसायचा. मर्ल पुढच्या नोकरीच्या गावी, कॉलेजच्या वसतिगृहाच्या खोलीत, एक खाट आणि लोखंडी तवा घेऊन. रविवारी फोन करायचा. म्हणायचा, इथली पोरं नुसते धोंडे आहेत, पण एक जण चेंडू फेकतो बरा. मग विचारायचा, घर विकलं का? मी सांगायची, गिऱ्हाईक आलं होतं, तळघर बघून पळालं. मी आठवीत शाळा सोडली. जे काही वाचलं, ते त्या मागे राहिलेल्या दिवसांत. नव्या गावात गेल्यावर मी पडद्यांच्या आधी वाचनालयाचं कार्ड करायची, कारण पडदे पुढच्या घराला बसत नाहीत.

एकदा सामन्यात मर्ल चाली सांगत होता आणि माझ्या मागे बसलेला एक माणूस ओरडत होता, चाली सांगणाऱ्या त्या गाढवाला बसमध्ये बसवून द्या. थंडी फार होती आणि तो कुडकुडत होता. मी त्याला अर्धं घोंगडं दिलं. मर्लला सांगितलं तर म्हणाला, चूक केलीस, पूर्ण गारठू द्यायचं होतंस.

रडले का विचारतेस. नाही. ऑक्टोबरात मर्ल सराव आटोपून मोटारीत बसला, तो बसलाच, पुन्हा उठला नाही. त्या शनिवारच्या सामन्यात त्याच्या पोरांनी पहिल्या चालीला अकराऐवजी दहाच जण उभे केले. त्याच्यासाठी एक जागा रिकामी. चाल सुरू करायची वेळ मुद्दाम संपू दिली, आणि त्याबद्दल मिळणारा दंड समोरच्या संघानं नाकारला. बघायला आलेले सगळे उभे राहिले. मीही राहिले. मग घरी येऊन भांडी घासली. तशीच आहे मी अजून.

मागच्या आठवड्यात गॅरेजमधून खोकी आणली आणि बश्या वर्तमानपत्रात गुंडाळायला बसले. निम्म्या झाल्यावर ध्यानात आलं की हे कुणी सांगितलेलंच नाही. माझ्या हातांना वाटतंय की तो पुढे गेलाय आणि मी घर विकायला मागे आहे. रविवारी फोनजवळ जाऊन बसतेसुद्धा. बश्या तशाच ठेवल्यात.

जा की जाऊ नकोस, हे मी सांगणार नाही. मला फक्त जे झालं ते सांगता येतं.

तुझी सासू, आर्डिस

---

मॅरोबी
१५ डिसेंबर १९८६

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं होतं. मुद्दामच ठेवलं. वेंडेलनं वाचलं, बाहेर जाऊन तीन घरांपुढचा बर्फ काढून आला. मग दारातूनच म्हणाला, तूही चल माझ्याबरोबर.

मी म्हटलं, आणि टिली? ती बारा वर्षांची आहे. तिला शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन मिळालाय, ती जूनपर्यंत हलणार नाही म्हणते. घराचे दलाल म्हणतात, हिवाळ्यात रिकामं घर कुणी घेत नाही, चुलीवर काहीतरी शिजताना दिसलं पाहिजे. वेंडेल अठ्ठावीसला निघतो म्हणाला. माझं मनही खोकी बांधून बसलंय, कुठं जाण्यासाठी ते त्यालाही माहीत नाही.

तुमची लोरीन

---

एल्सिंगर
१९ डिसेंबर १९८६

चि. सौ. लोरीन हीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे यायला नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट काढलं आहे. अठ्ठावीसला तू वेंडेलबरोबर नीघ, टिलीजवळ आणि घर विकायला मी मागे राहते. टिलीशी मी काल तू बाहेर असताना फोनवर बोलले. ती म्हणाली, आजी, ट्रॉम्बोन फार मोठ्यानं वाजतो हं. मी म्हटलं, वाजू दे, माझ्याकडे फार शांतता झाली आहे. ईस्टरच्या सुट्टीत तिला तुम्हाला भेटायला घेऊन येईन.

गिऱ्हाईक यायच्या आधी पाव भाजायला कधी टाकायचा, ते दलालापेक्षा मला जास्त कळतं. तळघर मात्र शेवटी दाखवायचं.

मर्लचा तवा वेगळा पाठवत नाही, बरोबर आणते, तो तू ने. वसतिगृहाच्या खाटेवर दोघं मावत नाहीत. मावून घ्या.

निम्म्या राहिलेल्या बश्याही काल गुंडाळून टाकल्या. आता त्यांना कारण आहे. शेवटच्या बशीला थोडं रडू आलं, फार नाही.

दर रविवारी फोन करत जा. मी जवळच बसलेली असेन. ख्यालीखुशाली नंतर, आधी घर विकलं का ते विचार.

लोभ आहेच, तो बरोबर ने.

तुझी सासू, आर्डिस